न्याहाळक कोणाला न्याहाळतो?

'कोणता ब्राउझर चांगला?' हा प्रश्न साहित्य आणि समाजविचार यांना वाहिलेल्या नियतकालिकात कशासाठी, असे काही मित्र विचारतील. त्यांनी तो विचारावाच. भाकरी, जमीन, नोकरी, अत्याचार हे प्रश्न उघड्यावर पडलेले असताना संगणकाच्या पडद्यावर कोणती खिडकी उघडावी याची चर्चा पोट भरलेल्यांची वाटणे स्वाभाविक आहे. आणि ज्या रीतीने ती आजवर होत आली आहे, त्या रीतीने ती खरोखरच पोट भरलेल्यांची आहे. कोणता ब्राउझर वेगाने चालतो, कोणता दिसायला देखणा, कोणता जाहिराती अडवतो. जणू हा अंगाच्या साबणाचा प्रश्न! ज्याचा स्वतःचा संगणक आहे, स्वतःची खोली आहे आणि त्या खोलीला आतून कडी आहे, असा माणूस समोर ठेवून हे सारे लिहिलेले असते. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी शिकणारा, ज्याचे आईवडील दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये रोजाने जातात असा, घरातला पहिला बारावी पास मुलगा त्या लिखाणात कोठेच नसतो. प्रस्तुत लेखात त्याला समोर ठेवून बोलायचे आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. मराठीत ब्राउझरला 'न्याहाळक' असा प्रतिशब्द घडविण्यात आला. तो रुळला नाही. आपली पोरे ब्राउझरच म्हणतात, किंवा त्याहून सरळ 'गूगल' म्हणतात. परंतु शब्द घडविणाऱ्याच्या हातून नकळत एक सत्य लिहून गेले आहे. ज्यातून आपण जग न्याहाळतो ती खिडकी, असा त्या शब्दाचा वरवरचा अर्थ. प्रत्यक्षात ही खिडकी दोन्ही बाजूंनी पारदर्शक आहे, आणि पलीकडून न्याहाळणारा आपल्यापेक्षा कितीतरी चिकाटीचा आहे.

हे घडते कसे, ते समजून घेतले पाहिजे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या अभियंत्याने 'कुकी' नावाची युक्ती काढली. हेतू साधा होता. संकेतस्थळाने आपल्या संगणकात एक लहानशी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या खेपेस ती वाचून गिऱ्हाईक ओळखायचे. पुढे ही युक्ती जाहिरातवाल्यांच्या हाती गेली. एकाच कंपनीचा तुकडा हजारो संकेतस्थळांवर बसलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी तो तीच चिठ्ठी वाचतो. सकाळी नोकरभरतीची जाहिरात पाहणारा, दुपारी कर्जाची चौकशी करणारा आणि रात्री बाबासाहेबांवरचे व्याख्यान ऐकणारा माणूस एकच आहे, हे त्या कंपनीला नाव न विचारता कळते. चिठ्ठी फाडून टाकली तरी भागत नाही. पडद्याचा आकार, यंत्राची जात, बसवलेले टंक, भाषेची निवड या सगळ्यांवरून माणूस ओळखता येतो; अंधारात चालीवरून ओळखावा तसा.

आता 'आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय?' या आक्षेपाकडे येऊ. हा आक्षेप आपल्या चळवळीतली चांगली माणसेसुद्धा घेतात, म्हणून त्याचा विचार जरा विस्ताराने केला पाहिजे.

दरवर्षी प्रवेश झाले की महाडीबीटीच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची धांदल सुरू होते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या अर्जाला काय काय लागते हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, गुणपत्रिका. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर जात वैधता प्रमाणपत्र. मुलाकडे फोन असतो, संगणक नसतो. तो बसस्थानकाजवळच्या किंवा तहसीलच्या रस्त्यावरच्या एखाद्या झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानात जातो. तेथे ब्राउझर आधीच उघडा असतो, आणि त्यात बहुधा दुकानदाराचे स्वतःचे खाते चालू असते. अर्ज भरताना वरच्या कोपऱ्यातून एक चौकट डोकावते: पासवर्ड जतन करायचा काय? घाईत 'हो' दाबले जाते. तो पासवर्ड दुकानदाराच्या खात्यात जमा होतो, आणि ते खाते त्याच्या घरच्या संगणकावर व फोनवर जेथे जेथे उघडे असेल तेथे तेथे पोहोचतो. 'डाउनलोड्स' नावाच्या कप्प्यात शेकडो मुलांचे जातीचे दाखले एकावर एक साचलेले असतात. मुलींची छायाचित्रे व फोन नंबरही असतात. दुकानदार वाईट असतो असे मुळीच नाही. बहुतेकदा तोही आपल्यासारखाच पोटासाठी धडपडणारा असतो. प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही.

प्रश्न असा आहे की हे सारे कोणाला उघडे करावे लागते? ज्याचा बाप फी रोख भरतो त्याला आपली जात, आपले उत्पन्न, आपल्या बापाचे खाते परक्याच्या संगणकात ठेवावे लागत नाही. हक्काची शिष्यवृत्ती, हक्काचे धान्य, हक्काची जागा मिळवण्यासाठी जो जितका अर्ज करतो, तितका तो उघडा होतो. म्हणजे आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. जे लपवण्याचा हक्क इतरांना न मागता मिळालेला आहे, ते आम्हाला रोज मांडून दाखवावे लागते, ही वस्तुस्थिती आहे.

आणि आमच्यासाठी ही गोष्ट नवी नाही. वाड्याला ओसरी होती, माजघर होते, देवघर होते. बाहेरच्याने कोठपर्यंत यायचे ते ठरलेले होते. गावाबाहेरच्या झोपडीला एकच खण आणि त्यात शिरायला कोणालाही आडकाठी नाही. त्याहून पुढची गोष्ट भटक्या-विमुक्तांची. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारणेनंतर तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लावण्याची सोय झाली. जमातच्या जमात नोंदवहीत चढवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायला लावायची, गाव सोडायचे तर परवाना. माणसाने काही केले म्हणून नव्हे. तो जन्मला म्हणून. १९५२ साली हा कायदा उठला, पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची वही मिटली नाही. आमच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची ती काशी, आणि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहेत. विमुक्त, म्हणजे सोडून दिलेले! ज्या शब्दातच नोंदवहीची आठवण आहे असे नाव धारण करणाऱ्या समाजाच्या तरुणाला 'माहिती गोळा झाली तर बिघडते काय?' असे विचारणे हे त्याच्या आजोबाला न ओळखण्यासारखे आहे.

बाबासाहेबांना हे पूर्णपणे उमगलेले होते. १९४७ साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी त्यांनी तयार केलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून व जप्तीपासून संरक्षण देणारे कलम आहे. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत या कल्पनेवर चर्चा झाली. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी आक्षेप घेतले, आणि शेवटी ती राज्यघटनेत स्वतंत्र कलम म्हणून आली नाही. सत्तर वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले. बाबासाहेबांनी 'कागदपत्रे' हा शब्द घातला होता हे आपल्या अभ्यासकांनी पुरेसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. आज ती कागदपत्रे 'डाउनलोड्स'मध्ये पडलेली आहेत.

त्या निकालानंतर कायदा आला, पण कसा आला ते पाहा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा एक वर्ग होता आणि त्यात जात किंवा जमात स्पष्ट शब्दांत नोंदवलेली होती. २०२२ साली ते विधेयक मागे घेण्यात आले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो वर्गच उरला नाही. जात, आजार, धर्म आणि चपलेचा नंबर ही सगळी माहिती या कायद्याच्या नजरेत एकसारखी! सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला सुरक्षिततेच्या, सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणासाठी या कायद्यातून वगळण्याची मुभा मात्र ठेवली आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकारातले वैयक्तिक माहितीचे कलमही बदलले. व्यापक लोकहितासाठी अशी माहिती देण्याची त्या कलमातली वाट काढून टाकली. म्हणजे अधिकाऱ्याचा पडदा जाड झाला आणि अर्जदाराचा विरला. कार्यकर्त्यांनी या बाबीवर स्वतंत्रपणे बोलले पाहिजे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खाजगीपणाचा आग्रह म्हणजे जात लपवण्याचा आग्रह काय? बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतला तरुण परमुलखात रेल्वेच्या नोकरीवर जातो, जात झाकून भाड्याने राहतो आणि जात उघडी पडताच मार खातो. चोरी हा शब्द बागुलांनी जाणूनबुजून वापरला आहे. जे आपलेच आहे ते आपणच चोरावे लागते, ही त्या शब्दातली भीषणता आहे. आपले आत्मभान जात चोरण्याच्या विरोधातले आहे, यात शंका नाही. आपण 'जय भीम' मोठ्याने म्हणतो. पण मोठ्याने म्हणणे आणि कोणीतरी आपल्या खिशातून दाखला काढून चावडीवर वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणापुढे, केव्हा आणि कशासाठी सांगायचे याचा निर्णय माझा असावा, एवढाच खाजगीपणाचा अर्थ. तो निर्णय काढून घेतला की उरते ती हजेरी.

सायबर कॅफेसाठी केंद्र सरकारने २०११ साली नियम केले. गिऱ्हाइकाची ओळख पटवायची, नोंदवही किमान एक वर्ष जपायची, कोणी कोणती संकेतस्थळे पाहिली त्याचा इतिहास ठेवायचा. आडोशाची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आणि आडोसा नसलेल्या संगणकाचा पडदा दुकानाच्या मोकळ्या भागाकडे तोंड करून. हे वाचताना मला तरी कायद्याच्या राजपत्रापेक्षा जुन्या नोंदवहीचा वास आला. घरी संगणक असणाऱ्याच्या भिंतीची उंची कोणी मोजत नाही.

आता प्रत्यक्ष निवडीकडे. येथे दोन शब्दांची गल्लत नेहमी होते: सुरक्षितता आणि खाजगीपणा. गूगलचा क्रोम २००८ साली आला. तो सुरक्षित नाही असे कोणी म्हणू नये. त्याच्या दुरुस्त्या लवकर येतात, एका पानातली घाण दुसऱ्या पानात शिरू नये याची व्यवस्था पक्की आहे, फसव्या संकेतस्थळाची सूचना तो देतो. पण हे रक्षण चोरापासूनचे आहे. मालकापासूनचे नव्हे! वाड्याला तटबंदी असते, चोर सहजी शिरत नाही. पण वाड्यातल्या गड्याला मालकाच्या नजरेपासून आडोसा नसतो. क्रोमचा मालक जाहिरातीवर जगतो, आणि जाहिरात आपल्या माहितीवर जगते. इतर ब्राउझर त्रयस्थांच्या चिठ्ठ्या अडवू लागल्यावर गूगलनेही २०२० साली त्या बंद करण्याचे जाहीर केले. मुदती पुढे ढकलत ढकलत जुलै २०२४ मध्ये माघार घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये विषय जवळपास गुंडाळला. गुप्त खिडकी, जिला तो 'इन्कॉग्निटो' म्हणतो, तीही फारशी गुप्त नव्हती. त्याबद्दलचा २०२० चा अमेरिकेतला दावा २०२४ साली मिटवताना कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. त्या खिडकीचा उपयोग एवढाच, की तुमच्यानंतर त्याच संगणकावर बसणाऱ्याला तुमचा माग लागत नाही. दुकानातल्या संगणकासाठी तो उपयोग मोठा आहे, हेही सांगितले पाहिजे.

परंतु आपण क्रोम 'निवडतो' असे म्हणणेच मुळात खरे नाही. तो फोनमध्ये आधीच असतो. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनच्या बाबतीतल्या वागणुकीसाठी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात आपली अॅप्स आधीच लादण्याचा मुद्दा होता. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी शोधसेवेतील गूगलची मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली. आपणच पहिले असावे यासाठी ब्राउझर आणि फोनवाल्यांना गूगलने एकट्या २०२१ साली २६.३ अब्ज डॉलर दिल्याचे त्या खटल्यात उघड झाले. माणसे आपल्या मनानेच निवडतात अशी खात्री असलेला व्यापारी एवढा पैसा कशाला मोजेल?

मग परदेशी मालक नको, स्वदेशी ब्राउझर घ्या, असा एक सूर अलीकडे लागला आहे. त्याचा विचार केला पाहिजे, कारण तो मोहक आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझर होता. स्वस्त फोन वापरणाऱ्या आपल्या पोरांचा तो एके काळी लाडका. टोरांटोच्या सिटिझन लॅबने २०१५ सालीच दाखवून दिले होते, की तो फोनची ओळख सांगणारे क्रमांक आणि शोधलेले शब्द पुरेशा कुलुपाविना बाहेर पाठवतो. तरीही तो पाच वर्षे चालला. बंदी आली ती सीमेवरच्या संघर्षानंतर. आपल्या पोरांच्या माहितीचा कळवळा तोवर कोणाला आला नव्हता, ही नोंद येथे करून ठेवतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने भारतीय ब्राउझर घडवण्याची स्पर्धा लावली आणि मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनीला तिचे एक कोटी रुपयांचे पहिले बक्षीस मिळाले. त्यांचा 'उला' नावाचा ब्राउझर मागोवा घेणाऱ्यांना अडवण्याचा दावा करतो आणि देशी कंपनीने हे काम केले याचे कौतुक करण्यास हरकत नाही. मात्र त्याचा सांगाडा क्रोमियमचाच, म्हणजे गूगलच्या खुल्या पायावरचा. खरा विचार करण्याजोगा मुद्दा स्पर्धेच्या अटींत आहे. ब्राउझरची स्वतःची विश्वास-यादी असावी आणि तीत भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र असावे, अशी अट होती.

ही विश्वास-यादी म्हणजे काय, ते आपल्या अनुभवातून सहज समजते. संकेतस्थळ आपण कोण आहोत याचा दाखला ब्राउझरपुढे ठेवते. ब्राउझर जात पडताळणी समितीसारखा तो तपासतो: दाखला देणारा अधिकारी माझ्या यादीत आहे काय? असेल तर कुलपाचे चिन्ह दिसते आणि मधल्या वाटेवर कोणी वाचू शकत नाही. यादीतल्या एखाद्या अधिकाऱ्याने खोटा दाखला दिला तर कुलूप दिसत राहते आणि मधला माणूस सर्व वाचतो. हे काल्पनिक नाही. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या पत्त्यांसाठी असे अनधिकृत दाखले सापडले. ते आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या दुय्यम प्रमाणपत्रांवरून निघालेले होते. त्यानंतर क्रोमने भारतीय नियंत्रकावरचा विश्वास ठरावीक पत्त्यांपुरता मर्यादित केला. फायरफॉक्सच्या यादीत तो नव्हताच, म्हणून त्याच्या वापरणाऱ्यांना धोका पोचला नाही. कझाकस्तानच्या सरकारने २०१९ साली नागरिकांना आपले प्रमाणपत्र बसवायला लावले, तेव्हा क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांनी मिळून ते नाकारले.

तात्पर्य, ब्राउझरच्या बाबतीत 'आपला' आणि 'परका' ही विभागणी आपल्या उपयोगाची नाही. परका जातो आणि आपला येतो, एवढ्याने हजेरीची वही बंद होत नाही हे १९५२ नंतर विमुक्तांनी पाहिलेले आहे. लांबच्या मालकाला माझी जात विकायची असते. जवळच्या मालकाला ती ठाऊक करून घ्यायची असते. माझ्या गावात मला धोका कोणाचा अधिक, हे मला ठाऊक आहे.

फायरफॉक्सविषयी माझे मत अनुकूल आहे, पण भाबडेपणाने नव्हे. नेटस्केपने १९९८ साली आपली संहिता खुली केली त्यातून मोझिला उभी राहिली, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. मागे नफा वाटून न घेणारे प्रतिष्ठान आहे. २०१९ पासून तो जाहिरातवाल्यांच्या मागोव्याच्या चिठ्ठ्या आपोआप अडवतो, आणि २०२२ पासून संगणकावर प्रत्येक संकेतस्थळाची चिठ्ठी वेगळ्या डब्यात ठेवतो. एकाची दुसऱ्याला वाचता येत नाही. आपल्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अँड्रॉइड फोनवरही त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' ही जाहिराती व पाळत अडवणारी जोडणी बसते. क्रोमने फोनवर जोडण्यांना जागाच दिली नाही, आणि संगणकावरही २०२४-२५ मध्ये नियम बदलून हीच जोडणी बाद केली. फायरफॉक्सच्या उणिवा? मोझिलाचे बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येते, शोधपेटीत त्याला पहिली जागा दिल्याबद्दल. ज्याच्याविरुद्ध लढायचे त्याच्याच मीठभाकरीवर जगायचे! फेब्रुवारी २०२५ मध्ये 'आम्ही तुमची माहिती कधीही विकणार नाही' अशा अर्थाचे जुने वचन तिने आपल्या पानावरून काढले, आणि ओरड झाल्यावर कायदेशीर व्याख्यांची कारणे दिली. शिवाय जुन्या, कमी ताकदीच्या फोनवर तो जड जातो. हे सारे धरूनही, आजच्या घटकेला सर्वसामान्य विद्यार्थ्याला आणि शिक्षकाला मी तोच सुचवीन.

ब्रेव्हचा बोलबाला मोठा आहे. तो २०१६ चा, जाहिराती अडवण्यात तरबेज. पण २०२० साली क्रिप्टो चलनाच्या एका बाजाराचा पत्ता टंकला की तो स्वतःच्या दलालीचा संकेत मागे चिकटवतो हे उघड झाले आणि प्रमुखांना माफी मागावी लागली. खाजगीपणाचे दुकान थाटणाऱ्याचीही दलाली असू शकते, एवढे त्यातून घ्यावे. टोरची गोष्ट निराळी. त्यात आपली मागणी तीन मुक्कामांवरून फिरत जाते आणि कोणत्याही एका मुक्कामाला निघणारा व पोचणारा दोन्ही ठाऊक नसतात. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात त्याची कल्पना निघाली, हा इतिहासाचा विनोद. अत्याचाराच्या प्रकरणात साक्षीदाराशी बोलणाऱ्या किंवा बड्या माणसाविरुद्ध कागद जमवणाऱ्या कार्यकर्त्याला त्याचा उपयोग आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाला नाही. जेथे स्वतःचे नाव आणि आधार क्रमांकच द्यायचा आहे, तेथे तो हळू चालतो एवढेच हाती लागते.

परंतु कार्यकर्त्यांपुरते बोलायचे तर ब्राउझरवर सगळा भार टाकून चालणार नाही, हे महाराष्ट्रानेच पाहिले आहे. भीमा कोरेगावच्या १ जानेवारी २०१८ च्या घटनांनंतर जो खटला उभा राहिला, त्यातला मुख्य पुरावा संगणकांतील पत्रांचा आहे. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेने बचाव पक्षासाठी त्या संगणकांच्या प्रती तपासल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालाप्रमाणे रोना विल्सन यांच्या संगणकात जून २०१६ मध्ये एका ईमेलच्या जोडपत्रातून 'नेटवायर' हे घुसखोर साधन शिरले आणि त्याच्या आधारे पत्रे बाहेरून ठेवली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाविषयीही तिचा निष्कर्ष तसाच. तपास यंत्रणेला हे मान्य नाही आणि निर्णय न्यायालयाचा आहे. त्याआधी जून २०२० मध्ये अॅम्नेस्टी आणि सिटिझन लॅब यांनी दाखवले, की २०१९ साली नऊ हक्ककार्यकर्त्यांना फसवे ईमेल आले होते. त्यांतले बहुतेक जण याच प्रकरणातल्या अटकांविरुद्ध आवाज उठवणारे. दुव्यावर बोट ठेवले की तेच साधन उतरत होते. व्हॉट्सअॅपने ऑक्टोबर २०१९ मध्ये पेगासस बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावला, तेव्हा ज्यांना आपला फोन लक्ष्य झाल्याचे कळवले गेले त्यांत आनंद तेलतुंबडे होते. पेगाससपुढे कोणत्याही ब्राउझरची मात्रा चालत नाही. नेटवायरसारख्या साधनापुढे मात्र थोडी चालते: अद्ययावत यंत्र, अनोळखी जोडपत्र न उघडण्याची सवय, आणि मित्राच्या नावाने आलेल्या दुव्याबद्दल त्याला फोन करून विचारण्याची शिस्त. आपल्या चळवळीत 'जय भीम' लिहून आलेला दुवा डोळे मिटून उघडण्याची रीत आहे. ती आधी मोडली पाहिजे.

दुकानातल्या संगणकाचे उत्तर मात्र विद्यार्थ्याच्या एकट्याच्या शहाणपणात नाही. क्रोममध्ये 'अतिथी' खिडकी असते. ती उघडून मागावी, पासवर्ड जतन करण्याला 'नाही' म्हणावे, काम झाल्यावर 'डाउनलोड्स'मधून आपले कागद पुसावेत आणि कचरापेटीही रिकामी करावी. हे मी वर्गात सांगतो. पण मागे दहा जणांची रांग आहे, विजेचा भरवसा नाही, आणि दुकानदार फॉर्ममागे पैसे घेऊन स्वतःच झपाट्याने टंकतो आहे. अशा वेळी एकोणीस वर्षांच्या मुलीने 'दादा, अतिथी खिडकी उघडा' असे म्हणावे ही अपेक्षा फार आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या ग्रंथालयात चार यंत्रे फक्त अर्जांसाठी ठेवावीत, त्यांवरचा ब्राउझर बंद होताच सर्व काही पुसणारा असावा, आणि शेजारी सांगणारा एक माणूस असावा. फायरफॉक्समध्ये ही सोय आहे. खर्च यंत्रांचा, ब्राउझरचा नाही. प्राध्यापक संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी ही मागणी आपल्या ठरावांत घालावी. वेतनश्रेणीच्या खाली का होईना, पण घालावी.

वर्गात एक प्रश्न हमखास येतो: 'सर, फोनमधून क्रोम काढून टाकता येतो का?' बहुतेक अँड्रॉइड फोनवर तो काढता येत नाही. निष्क्रिय ठेवता येतो. सेटिंग्ज, अॅप्स, क्रोम, मग 'निष्क्रिय करा'. मात्र तसे करण्याआधी त्यात साठवलेले पासवर्ड वहीत उतरवून घ्यावेत आणि ती वही घरी ठेवावी. महाडीबीटीचा पासवर्ड आधी उतरवावा, आणि फॉर्मची मुदत संपत आलेल्या आठवड्यात हे काम काढू नये.